लॅटिनची उजळणी मराठीतून व्हावी

मा. संपादक,

महोदय,

उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की आपल्या दैनिकाची विद्यार्थी पुरवणी उजळणीच्या कामाला लागते आणि त्याचा उपयोगही होतो. यंदा त्या पुरवणीत वैद्यक, विधी आणि औषधनिर्माणशास्त्र या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी लॅटिन संज्ञांची एक पानभर यादी आली : डावीकडे लॅटिन शब्द, उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ आणि शेवटी ‘पाठ करा’ अशी सूचना. मी शाळेत ३४ वर्षे संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर हौसेने लॅटिनचे व्याकरण वाचले, आणि गेली काही वर्षे रविवारी सकाळी शेजारपाजारची पाच-सहा मुले आपापल्या अभ्यासक्रमातले लॅटिन घेऊन आमच्या व्हरांड्यात येऊन बसतात. त्या मुलांच्या वह्यांत मी अशाच याद्या पाहते. त्या पाठ होतात, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसल्याही जातात, आणि मधल्या काळात त्यांचा अर्थ कोणाला कळलेला नसतो. मराठी मुलाला लॅटिनची उजळणी इंग्रजीच्या वाटेने करायला लावणे म्हणजे नागपुरात महालातून जवळच्याच बर्डीला जायला गावाबाहेरच्या कामठीची बस धरणे होय, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

विधी शाखेच्या एका मुलीने मला तोंडी परीक्षेतला प्रसंग सांगितला. ‘मेन्स रिआ’ म्हणजे काय, असे विचारल्यावर तिच्या वर्गमित्राने ‘पुरुषांचा अपराध’ असे उत्तर दिले, कारण इंग्रजीतून पाहिले तर ‘मेन्स’ म्हणजे पुरुषांचाच. त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण त्याला वाटच ती दाखवली होती. लॅटिनमध्ये मेन्स म्हणजे मन, आणि आपल्या ‘मति’ या शब्दाची ती बहीणच आहे. ती स्त्रीलिंगी असल्यामुळे तिचे विशेषणही ‘रेआ’ असे स्त्रीलिंगी होते, तर ‘ॲक्टस रिअस’ या जोडसंज्ञेतला ‘आक्तुस’ म्हणजे कृती हा शब्द पुल्लिंगी असल्यामुळे तिथे तेच विशेषण ‘रेउस’ होते. दोषी मन, दोषी कृत्य. मराठीत ‘दोषी’ दोन्हीकडे सारखाच राहतो, पण ‘काळी गाय’ आणि ‘काळा बैल’ म्हणणाऱ्या मुलाला विशेषण लिंगाप्रमाणे बदलते हे कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र ते नवे असते आणि म्हणून तो रिआ व रिअस हे दोन वेगळे शब्द समजून वेगवेगळे पाठ करतो. ‘आक्तुस नोन फाकित रेउम निसी मेन्स सित रेआ’, म्हणजे मन दोषी असल्याखेरीज केवळ कृत्य माणसाला दोषी ठरवत नाही, हे मूळ सूत्र फळ्यावर लिहिले की त्यात एकाच विशेषणाची द्वितीया आणि प्रथमा, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी रूपे मुलांना शेजारी शेजारी दिसतात, आणि एवढ्या एका ओळीवर आमचा पाऊण तास सहज जातो.

आपल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली ज्या रिट याचिका दाखल होतात, त्यांची नावे तर व्याकरणाचा एक छोटा पाठच आहेत. ‘मँडॅमस’ हे नाम नव्हेच. ते क्रियापद आहे, वर्तमानकाळ, प्रथम पुरुष, अनेकवचन : ‘आम्ही आज्ञा करतो’. शेवटचा ‘मुस’ म्हणजे आपल्या ‘वदामः’, ‘गच्छामः’ मधला ‘मः’. ‘हेबिअस’ हे द्वितीय पुरुषी एकवचन असून विध्यर्थी आहे, संस्कृतातल्या विधिलिङासारखे, त्यामुळे ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणजे ‘तू देह हजर ठेवावास’. संविधानाच्या मराठी अनुवादात त्याला ‘देहोपस्थिती’ म्हटले आहे आणि तो शब्द घडवणाऱ्याला मूळ रूप नीट कळले होते हे उघड आहे. ‘क्वो वॉरंटो’ मधला ‘क्वो’ तृतीयेच्या अर्थाचा : केन अधिकारेण, कोणत्या अधिकाराने? ‘सर्शिओरारी’ हे कर्मणी धातुरूप, अवगत केले जाणे. जुन्या आज्ञापत्रांत ‘आम्हांस अवगत केले जावे अशी आमची इच्छा आहे’ अशी जी ओळ असे, तिच्यातला हा एक शब्द तेवढा नाव म्हणून उरला. विद्यार्थ्याने ही चार रूपे सोडवली की त्याला कर्तरी-कर्मणी, पुरुष, वचन, विध्यर्थ आणि विभक्ती या सगळ्यांची उजळणी एकाच बैठकीत घडते. उजव्या रकान्यातल्या इंग्रजी अर्थाने यातले काहीच घडत नाही.

विभक्तीला घाबरणे हा लॅटिनच्या वर्गातला जुना रोग आहे. ज्याने लहानपणी ‘स, ला, ते – स, ला, ना, ते’ म्हटले आणि आठवीत ‘रामः रामौ रामाः’ घोकले, त्याला तो होण्याचे कारण नाही. लॅटिनमध्ये नामाच्या मुख्य विभक्ती सहा. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन या आपल्या ओळखीच्याच. सहावीला इंग्रजी व्याकरणात ‘ॲब्लेटिव्ह’ म्हणतात, आणि मुले अडखळतात ती हिच्यापाशीच, कारण तिचे इंग्रजीत ‘बाय, विथ, फ्रॉम, इन’ असे चार अर्थ दिलेले असतात आणि एका प्रत्ययाने चार कामे का करावीत ते कोणी सांगत नाही. संस्कृत जाणणाऱ्याला एक वाक्य पुरते : लॅटिनने तृतीया, पंचमी आणि बहुतेक सप्तमी यांचा संसार एका घरात मांडला. ‘सब ज्युडिसे’ म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखाली, तिथे ती सप्तमीचे काम करते. ‘सिने दिए’ म्हणजे दिवसाविना, आणि आपल्याकडेही ‘विना’ला तृतीया चालते. हिवाळी अधिवेशन संपताना सभागृह ‘साइने डाय’ (याच शब्दांचा इंग्रजी उच्चार) तहकूब झाल्याचे आपणच डिसेंबरात छापता; त्याचा अर्थ पुढच्या बैठकीचा दिवस न ठरवता, इतका साधा आहे. सप्तमीचे स्वतंत्र घरही अगदीच मोडले नव्हते. ‘रोमाए’ म्हणजे रोममध्ये आणि ‘दोमी’ म्हणजे घरी, ही तिची उरलेली रूपे. द्विवचन लॅटिनने मराठीसारखेच टाकून दिले, हे ऐकून मुले दर वेळी सुटकेचा निःश्वास टाकतात.

क्रियापदाच्या बाबतीतही तेच. ‘सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्’ हे ‘अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति’ च्या शेजारी लिहावे आणि स्वस्थ बसावे. पुढचे मुले स्वतःच बोलतात. शब्दसंग्रहातही यादीपेक्षा नियम बरा. आपल्या ‘भ’च्या जागी लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’ येतो हे एकदा सांगितले की भ्राता आणि ‘फ्रातेर’, भरामि आणि ‘फेरो’ आपोआप जुळतात. नात्यांचे शब्द तर घरातलेच. सासऱ्याला ‘सोकेर’, सासूला ‘सोक्रुस’ आणि दिराला ‘लेविर’. यांतला शेवटचा शब्द देवराचाच भाऊ आहे हे प्रथम कोणाला खरे वाटत नाही. अर्थात कानाला सारखे लागणारे सगळेच शब्द नात्यातले नसतात. ‘मालुम्’ म्हणजे सफरचंद आणि ऱ्हस्व ‘मलुम्’ म्हणजे वाईट गोष्ट. आपल्या ‘मालूम’शी दोघांचाही संबंध नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक देवनागरीत चोख लिहिता येतो, म्हणून माझ्या वर्गात लॅटिन देवनागरीतच लिहिले जाते. वैद्यकाच्या मुलांनी आणखी एक पथ्य पाळावे : ग्रीक शब्दांची वही वेगळी ठेवावी. मूत्रपिंडाला लॅटिन ‘रेन’ आणि ग्रीक ‘नेफ्रोस’. दोन्ही पाठ्यपुस्तकात शेजारी नांदतात आणि यादी करणारे त्यांना सर्रास एका माळेत ओवतात.

वाक्यरचनेबद्दल मला अधिक आग्रहाने सांगायचे आहे, कारण नुकसान सर्वांत जास्त तिथे होते. ‘मार्कुस लिब्रुम लेगित’ : मार्कुस पुस्तक वाचतो. कर्ता, कर्म, क्रियापद, याच क्रमाने, शब्दाला शब्द. लॅटिन गद्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि इंग्रजीतले ‘ए’ किंवा ‘द’ तिथे नसतात, मराठीतही नसतात. तरीही आमची मुले हे वाक्य आधी इंग्रजीत उलटे करतात आणि मग मराठीत पुन्हा सुलटे करतात. ‘उर्बे काप्ता’ या प्रकाराला इंग्रजी पुस्तके स्वतंत्र प्रकरण देतात आणि विद्यार्थी त्याला बिचकतात. ‘सूर्ये अस्तं गते’ ही सति सप्तमी ज्याने शिकली, त्याला ‘नगर जिंकले गेले असता’ हा अर्थ लावायला क्षणही लागत नाही. ‘अजेंडा’ आणि ‘मेमोरँडम’ यांमागचा प्रत्यय म्हणजे आपले ‘तव्य’ आणि ‘अनीय’ : करावयाच्या गोष्टी, स्मरणीय गोष्ट. मात्र सगळेच फुकट मिळते असे मी म्हणणार नाही. गौण वाक्यातले विध्यर्थी क्रियापद मुख्य वाक्याच्या काळाप्रमाणे बदलण्याचा लॅटिनचा जो काटेकोर नियम आहे, तिथे संस्कृतही मदतीला येत नाही आणि मराठीही. तो घोकूनच शिकावा लागतो, आणि घोकण्याची शक्ती मुलांनी त्यासाठी राखून ठेवावी.

आता रोमन संस्कृतीविषयी. आपल्या यादीखाली ‘रोमन संस्कृती : वाचनासाठी पर्यायी’ अशी टीप होती. ती पर्यायी नाही, निदान वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तरी नाही, कारण त्याने पाठ केलेला सांगाडा म्हणजे रोमन घरातले सामानसुमान आहे. ‘ॲसिटॅब्युलम’ ही पंक्तीत व्हिनेगर वाढायची लहान वाटी. मांडीच्या हाडाचा गोल माथा जिथे बसतो त्या खोबणीला तिचे नाव मिळाले. ‘फिब्युला’ म्हणजे अंगरखा खांद्यावर अडकवण्याची पिन, आणि नडगीशेजारचे ते बारीक हाड चित्रात पाहिले की ही उपमा पटते. ‘टिबिआ’ हे बासरीसारख्या फुंकवाद्याचे नाव. ‘क्लॅव्हिकल’ म्हणजे लहान किल्ली. ‘पटेला’ म्हणजे छोटी ताटली, आणि आपण मराठीत त्या हाडाला गुडघ्याची वाटीच म्हणतो. आमच्या आजीला लॅटिनचा गंध नव्हता, पण पडून गुडघा फुटला की ‘वाटी सरकली का बघा’ हेच तिचे पहिले वाक्य असे. ‘मस्क्युलस’ म्हणजे छोटा उंदीर : दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी पळते, ते रोमन मुलाला उंदीर वाटले आणि आपल्या मुलांना बेटकुळी. माझ्याकडे येणाऱ्या वैद्यकाच्या मुलाला हे सांगितल्यावर त्याने तिथेच बाही वर करून बेटकुळी काढून दाखवली, आणि तो शब्द त्याला पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही.

यांत मला सर्वांत आवडणारा शब्द ‘एट्रिअम’. रोमन घरात प्रवेश केल्यावर जो मधला मोठा दालनचौक लागे, ज्याच्या छपराला वर मोकळी जागा ठेवून पावसाचे पाणी खालच्या हौदात घेत, तो एट्रिअम. महालातले भोसलेकालीन वाडे पाहिलेल्या माणसाला हे चित्र काढून दाखवायला नको. हृदयाच्या ज्या कप्प्यात रक्त आधी येते, त्याला शरीरशास्त्राने हे नाव दिले. मराठी पाठ्यपुस्तकात त्याच कप्प्याला ‘अलिंद’ म्हणतात आणि अलिंद म्हणजेही घराच्या दारापुढची ओसरी. ज्याने हा प्रतिशब्द योजला त्याने घराच्या बदल्यात घरच दिले. आठवीला ‘अलिंद’ आणि प्रथम वर्षाला ‘एट्रिअम’ शिकणाऱ्या मुलाला या दोन शब्दांत एकच वास्तू आहे हे कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते. चेहऱ्यावरच्या ‘लेव्हेटर लेबिआय सुपिरिओरिस एलिक्वी नेझाय’ या लांबलचक स्नायूचेही असेच : वरच्या ओठाचा आणि नाकपुडीच्या पंखाचा उचलणारा. तीन षष्ठ्या ओळखल्या की नाव संपले, आणि मधला ‘क्वी’, मूळ उच्चारात ‘क्वे’, म्हणजे शब्दाच्या शेपटीला जोडलेला आपला ‘च’ : ओष्ठस्य पक्षस्य च.

वनस्पतिशास्त्राच्या मुलांसाठी तर नागपूर हीच वही आहे. आपल्या संत्र्याचे नाव ‘सिट्रस रेटिक्युलाटा’. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार, आणि साल काढल्यावर फोडींवर राहणारी पांढऱ्या शिरांची जाळी नागपूरकराला दाखवावी लागत नाही. पण सिट्रस हा ‘उस’कारान्त शब्द पुल्लिंगी वाटत असताना विशेषण ‘रेटिक्युलाटुस’ का नाही? कारण लॅटिनमध्ये झाडे सहसा स्त्रीलिंगी मानली जातात, प्रत्यय काहीही असो. म्हणूनच पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’. आपल्याकडे वड-पिंपळ पुल्लिंगी, चिंच स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी, तेव्हा या बाबतीत रोमनांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आंब्याच्या ‘मँजिफेरा’मध्ये तोच ‘फेरो’ आहे, आंबे धारण करणारी. नागपूर परिसरात जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांच्या आडनावाला लॅटिन प्रत्यय लागून गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याची ‘हिस्लोपिआ’ ही प्रजाती झाली. आणि ज्या सेमिनरी हिल्सवर आपण सकाळी फिरायला जातो, त्या टेकडीला ज्या ख्रिस्ती प्रशिक्षणालयामुळे नाव मिळाले, त्यातला ‘सेमिनारिउम’ हा शब्द मुळात रोपवाटिकेचा आहे. ‘सेमेन’ म्हणजे बी.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांविषयी थोडक्यात लिहिते. चिठ्ठीवरचे ‘बी.डी.’ म्हणजे ‘बिस दिए’, दिवसातून द्विः, दोनदा, ‘ए.सी.’ आणि ‘पी.सी.’ म्हणजे ‘आन्ते किबुम’ आणि ‘पोस्त किबुम’, अन्नाआधी आणि अन्नानंतर, आणि दोन्ही ठिकाणी अन्न द्वितीयेत. ‘ओ.डी.’पासून मात्र सावध राहावे. सर्वसाधारण चिठ्ठीत त्याचा अर्थ दिवसातून एकदा असा घेतात, तर नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर तेच ‘ओकुलुस देक्स्तेर’, म्हणजे उजवा डोळा. पूर्ण शब्द माहीत नसलेल्याला ही गफलत कळण्याचा मार्गच नाही.

संस्कृतीच्या भागात घराबाहेरचेही थोडे यावे. मार्कुस तुल्लिउस किकेरो, ज्याला आपण सिसेरो म्हणतो, हे तीन भागांचे नाव आपल्या नाव-वडील-आडनाव या पद्धतीसारखे दिसते, पण मधला भाग वडिलांचा नसून कुळाचा असतो. आणि त्याच्या मुलीला त्या कुळनावाचे स्त्रीलिंग तेवढे मिळाले, तुल्लिआ. ‘किकेर’ म्हणजे हरभरा, तेव्हा या थोर वक्त्याचे आडनाव विदर्भात कोणालाही परके वाटू नये. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होत असे, म्हणून सप्त, अष्ट, नव, दश हे आकडे सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत आजही दोन घरे चुकून बसले आहेत. आणि रोमशी आपला संबंध पुस्तकापुरता नाही. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या, आणि भोकरदनचे १९७३ चे उत्खनन नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले होते. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, देशाबाहेर जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. त्या पैशातला काही भाग सातवाहनांच्या बाजारपेठांत आला असणार. हे सारे नागपूरच्या विद्यार्थ्याने ‘पर्यायी’ म्हणून का वाचावे?

पुरवणीचे पान मर्यादित असते याची मला कल्पना आहे. ऐंशी शब्दांच्या यादीऐवजी दर आठवड्याला एक संज्ञा घ्यावी, तिची विभक्ती किंवा क्रियारूप संस्कृत-मराठीच्या शेजारी मांडावे आणि ती वस्तू रोमन घरात किंवा न्यायसभेत काय होती ते चार ओळींत सांगावे. मी स्वतः केलेले तक्ते आपल्या कार्यालयात आणून देईन. त्याबद्दल मानधनाची अपेक्षा नाही.

तोवर छापलेल्या यादीतल्या दोन चुका तरी दुरुस्त व्हाव्यात. ‘कॉर्पस’चे अनेकवचन ‘कॉर्पाय’ असे दिले आहे. तो शब्द नपुंसकलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘कॉर्पोरा’ होते. तसेच ‘अलम्नाय’ पुढे ‘एक माजी विद्यार्थी’ असा अर्थ दिला आहे. एक असेल तर ‘अलम्नस’, ‘अलम्नाय’ अनेकांना म्हणतात. ही दुरुस्ती परीक्षेपूर्वी छापली जावी, कारण आपले पान कापून वहीत चिकटवलेले मी गेल्या रविवारी दोघांकडे पाहिले.

आपली,
एक निवृत्त संस्कृत अध्यापिका,
धरमपेठ, नागपूर